'ड्रोव्हर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न :
इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा 'ह्यू द ड्रोव्हर' ऑपेरा सध्या ऐकतेय, १९२४ मध्ये लंडनला पहिल्यांदा झाला, गोष्ट नेपोलियनच्या काळातली, इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या एका गावची. आईला सांगताना 'ह्यू गुराखी' म्हणाले आणि तिथेच अडखळले, कारण तो गुरं चारत नाही, सैन्यासाठी घोडे हाकत नेतो. आणि या ऑपेराला 'बॅलड ऑपेरा' म्हणतात, त्याला पोवाडा म्हटलं तर चालेल का?

उत्तर :
गुराखी नकोच हो. गुराखी गावचीच गुरं घेऊन जातो आणि दिवेलागणीला परत येतो, सगळं गाव त्याला ओळखतं. ह्यू तसा असता तर फ्रेंचांचा हेर म्हणून त्याला धरलंच नसतं, सगळं नाटक तो परका आहे यावरच तर उभं आहे! आमच्याकडे जनावरं घेऊन बाजारोबाजार फिरतो तो हेडी, मी तोच शब्द घेईन. शिक्षा म्हणून ह्यूचे पाय ज्यात अडकवतात त्यालाही आपल्याकडे नेमका शब्द आहे, खोडा.

उत्तर :
हेडी म्हटलं की मला रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारा माणूस दिसतो. ह्यूचं रस्त्याचं गाणं ऐका, त्यात घोड्यांच्या टापा आहेत, भाव करणं नाही. मी सरळ 'घोड्यांचा तांडा हाकणारा' म्हणेन, लांब झालं तरी चालेल. पोवाडा मात्र नको, त्यात शौर्य लागतं आणि बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं लोकगीत, ते प्रेमाचं, खुनाचं, कशाचंही असतं. जुन्या बॅलड ऑपेरात मधे बोलणं आणि मग ओळखीच्या चालीवर गाणं असायचं, म्हणजे आपल्या संगीत नाटकाच्या जवळचं. इथे मात्र सगळंच गायचं आहे, आणि चाली बऱ्याचशा व्हॉन विल्यम्सच्या स्वतःच्या. पण १९०३ पासून खेड्यापाड्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून आठशेच्या वर गाणी ऐकून उतरवून घेतलेला माणूस आहे हो, त्यामुळे नवी चालसुद्धा मातीतली वाटते.

प्रश्न विचारणारी :
खोडा एकदम पटला! ह्यूची प्रेयसी मेरी चावी आणून त्याला सोडवते, तेवढ्यात लोक येताना दिसतात म्हणून दोघं परत खोड्यात जाऊन बसतात, हे आईला एका वाक्यात कळलं. आणि हेडी म्हटल्यावर तिने लगेच विचारलं, कुठल्या बाजाराला निघालाय? गुराखी म्हटल्यावर तिने हे विचारलं नव्हतं, त्यामुळे मी हेडीच ठेवतेय.