कोळंबीचाही विचार करा

अपृष्ठवंशीयांच्या (म्हणजे कणा नसलेल्या प्राण्यांच्या) इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, पीएचडी केली तर पुढे परदेशाशिवाय गत्यंतर नाही, असं काही जण म्हणतात. फळमाशीपुरतं ते बरंचसं खरं. माशीच्या रोगप्रतिकारातल्या 'टोल' जनुकावरच्या कामाला 2011चं नोबेल मिळालं, पण माशीवर पगार देणारा उद्योग इथे कुठे आहे? कोळंबीचं तसं नाही. तिच्या शरीरात अँटिबॉडी तयार होत नाहीत, त्यामुळे माणसासारखी लस चालत नाही. व्हाइट स्पॉट या कोळंबीच्या रोगाचा विषाणू शिरला की आठवड्या-दहा दिवसांत अख्खं तळं झोपतं. म्हणून हॅचरी (कोळंबीची पिल्लं तयार करणारी केंद्रं), खाद्य कंपन्या, विषाणू तपासणाऱ्या पीसीआर लॅब यांना या विषयातली माणसं लागतात.

मी स्वतः एमएस्सीनंतर आंध्रातल्या एका हॅचरीच्या लॅबमध्ये होतो. पहिला आठवडा फक्त कोळंबीचं हिमोलिम्फ (तिचं रक्तच म्हणा) काढण्यात गेला. सिरिंजमध्ये आधी अँटिकोअ‍ॅग्युलंट भरलं नाही तर ते सुईतच गोठतं, आणि पेशी मोजायच्या राहूनच जातात (पुस्तकात हे एका ओळीत असतं!). मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफईत (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) जलचर आरोग्य व्यवस्थापनात एमएफएस्सी, म्हणजे मत्स्यविज्ञानातली पदव्युत्तर पदवी आहे, चेन्नईच्या सीबात (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था) कोळंबीच्या रोगांवर संशोधन चालतं. मात्र एमएफएस्सीला बहुतेक ठिकाणी बीएफएस्सी (मत्स्यविज्ञानाची पदवी) मागतात. तेव्हा बारावीतली मुलं हे वाचत असतील तर रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आत्ताच बघून ठेवा.