टॅबवरचा लाल कागद

रविवार, सोसायटीचा ग्रुप

म्हात्रे काकू ए-३०२ (सकाळी ९:१२): वाचनालयाच्या टॅबला लाल जिलेटीनचा कागद कोणी चिकटवला? चारही बाजूंनी सेलोटेप. मी विणकामाचं मासिक उघडलं तर पोपट काळा, पान काळं आणि चोच गायब. नातवाचा स्वेटर मानेपर्यंत आलाय. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी स्वतः येऊन निस्तरावा.

कामत बी-४०२: शुभ रविवार 🌹🌹 आजचा सुविचार खाली 👇

गोखले बी-१०१: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पाडव्याच्या आधी वाचनालयाची रद्दी गेली. ३८ किलो, १४ रुपये दराने ५३२. पावती अजून ग्रुपवर आलेली नाही.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: गोखले काका, टॅबचं चाललंय.

गोखले बी-१०१: रद्दी गेली म्हणूनच टॅब आला. विषय एकच आहे.

अनिकेत डी-२०४: काकू, फोटो टाका ना.

म्हात्रे काकू ए-३०२: टाकला. लाल चौकोन दिसेल. तोच टॅब.

पाटील वहिनी ए-६०१: मुलांचं काम असणार. दिवाळीच्या कंदिलांचा कागद उरलाय सगळ्यांकडे.

अनिकेत डी-२०४: रजिस्टर बघून आलो. शेवटची सही शनिवार संध्याकाळ ७, बी-७०३.

म्हात्रे काकू ए-३०२: बी-७०३ म्हणजे जोशी भाऊजी??

कामत बी-४०२: 😂😂😂

जोशी बी-७०३: नमस्कार. कागद माझा. म्हात्रे वहिनींची क्षमा मागतो, सकाळी काढायचा राहिला. कारण सांगतो, नाहीतर म्हातारचळ समजाल. काल रात्री मिथुन राशीतल्या उल्का होत्या, दरवर्षी १३-१४ डिसेंबरला असतात. नकाशा आकाशनिरीक्षणाच्या मासिकात आहे. पूर्वी छापील अंक मांडीवर आणि टॉर्चला लाल कागद, एवढ्यात भागायचं. आता अंक टॅबमध्ये, आणि टॅब म्हणजे हातात धरलेली ट्यूबलाइट. अंधाराला डोळे सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एकदा पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं की पुन्हा पहिल्यापासून. लाल उजेडाने तेवढं नुकसान होत नाही. आणि चोच गायब होणारच. लाल काचेतून लाल आणि पांढरं सारखंच दिसतं, हिरवं काळं पडतं.

म्हात्रे काकू ए-३०२: विज्ञान कळलं. सेलोटेप निघत नाहीये.

पाटील वहिनी ए-६०१: खोबरेल तेल लावा काकू, पण कापसाने. जोशी काका, डोंबिवलीत उल्का दिसतात?

जोशी बी-७०३: पावणेदोन तासांत ११. गंमत म्हणजे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. तो १९८३ साली सापडला.

शिंदे सी-७०१: ११ उल्का आणि ४० वेळा खुर्ची सरकवली. आमचं बेडरूम बरोबर खाली आहे. रात्री दीडला गच्चीची किल्ली कोणी दिली?

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: ११ नंतर गच्ची बंद, असा ठराव आहे.

जोशी बी-७०३: उल्कांना तो ठराव पाठवलेला दिसत नाही.

शिंदे सी-७०१: विनोद नको. ३१ डिसेंबरला आम्ही विचारलं तेव्हा किल्ली हरवली होती.

गोखले बी-१०१: किल्ली नंतर. ३८ किलो. ५३२ रुपये. पावती?

अनिकेत डी-२०४: जोशी काका, आकाशाच्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये लाल नाइट मोड असतो. कागदाची गरजच नाही.

जोशी बी-७०३: अ‍ॅपमध्ये असतो. मासिकाच्या पानाला नसतो. त्या अंकात एकेका रात्रीचं वर्णन आहे, ते अ‍ॅप सांगत नाही.

म्हात्रे काकू ए-३०२: टॅबचं आणखी एक. अर्ध्या मिनिटात पडदा काळा होतो. माझ्या दोन्ही हातांत सुया, बोटाला लोकर. ओळ मोजतेय एकोणतीस, तीस, आणि अंधार. मी नाकाने टॅप करते. हसू नका. नाकाने एकदा पान उलटलं आणि पुढच्या स्वेटरच्या दहा ओळी घातल्या गेल्या. उसवल्या.

कामत बी-४०२: 🤣🤣 काकू व्हिडिओ पाठवा

म्हात्रे काकू ए-३०२: कामत, तुम्ही गप्प बसा.

अनिकेत डी-२०४: काकू, सेटिंग, डिस्प्ले, स्क्रीन टाइमआउट, तिथे ३० मिनिटं करा. संध्याकाळी येऊन करून देतो.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: सर्वांना नम्र सूचना. टॅबवर ताण येतो म्हणूनच पाटील वहिनींच्या दिरांनी अमेरिकेहून ई-रीडर भेट दिला आहे. कपाटात पडून आहे. मासिकं त्यावर वाचावीत. डोळ्यांना त्रास नाही, बॅटरी कित्येक आठवडे जाते.

म्हात्रे काकू ए-३०२: तो काळा-पांढरा आहे सावंत. माझ्या तक्त्यात सहा रंग आहेत. त्यावर लाल आणि हिरवा दोन्ही राखाडी. मागच्या महिन्यात त्यावरच बघून विणलं होतं, पोपटाची चोच आणि पान एकाच रंगाचं झालं. सुनेने विचारलं, आई, हा कावळा आहे का?

कामत बी-४०२: तो ई-रीडर बिघडलेला आहे. मी नेला होता. बंद केला तरी चित्र जाईना. तीन दिवस चार्जिंगला ठेवला, बटण दाबून दाबून अंगठा दुखला.

अनिकेत डी-२०४: काका तो तसाच असतो 😄 आत काळ्या-पांढऱ्या बारीक कणांची शाई असते. वीज लागते ती कण हलवायला, म्हणजे पान उलटताना. एकदा पान उमटलं की वीज नसली तरी तसंच राहतं. म्हणून तर बॅटरी टिकते.

कामत बी-४०२: मग मी तीन दिवस काय केलं?

शिंदे सी-७०१: कॉमन मीटरवर चार्ज केला असणार.

जोशी बी-७०३: सावंत साहेब, ई-रीडर कादंबरीला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. मासिकाचं पान वेगळं. आमचे अंक ए-फोर पीडीएफ, म्हणजे रुंदी २१० मिलिमीटर. त्या सहा इंची पडद्याची रुंदी ९० च्या आसपास. पान अख्खं बसवलं तर अक्षर निम्म्याहून लहान होतं. छापील ९ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटवर येतं. औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी वाचल्यासारखं. मोठं करावं तर दोन स्तंभांमध्ये डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बोट घासत बसा. वाचताना लेखाचा धागा राहत नाही.

अनिकेत डी-२०४: यंत्र आडवं धरून समास कापले तर एक स्तंभ बरा वाचता येतो. किंवा ईपब नावाच्या प्रकारची फाइल घ्यायची, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप जुळतात. किंडल या ई-रीडरला २०२२ पासून ईपब पाठवता येतं.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: मग थेट किंडलवरच मासिकांची वर्गणी भरू.

अनिकेत डी-२०४: ती सोय सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: मग आपल्या पीडीएफचं ईपब करून दे तू.

अनिकेत डी-२०४: इंग्रजीचं होतं कसंबसं. मराठीचं बागकामाचं मासिक करून बघितलं होतं. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये जुळवलेलं आहे, युनिकोड नाही. पानावर डोळ्यांना ‘गुलाब’ दिसतं, पण आतमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खच. ईपबमध्ये तो खचच बाहेर पडतो. त्यात ‘गुलाब’ शोधलं तरी सापडत नाही.

कामत बी-४०२: एवढं कशाला. हे घ्या, ७ दिवाळी अंक एकत्र, फुकट 👇 पीडीएफ १४२ एमबी

पाटील वहिनी ए-६०१: कामत भाऊजी, हे ताबडतोब काढा. यातल्या एका अंकाचं मुद्रितशोधन माझ्या बहिणीने केलंय. तीन महिने रात्री जागून. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची म्हणून आपण भाषणं करतो, आणि अंक आला की आठ दिवसांत त्याची पीडीएफ फिरवतो. आता डिसेंबरमध्येही संपलेलं नाही.

कामत बी-४०२: मला दुसऱ्या ग्रुपवरून आलं. फॉरवर्डच केलं फक्त.

पाटील वहिनी ए-६०१: सगळे फक्त फॉरवर्डच करतात.

शिंदे सी-७०१: माझा फोन भरला. आपोआप डाउनलोड झालं.

कामत बी-४०२: हा मेसेज डिलीट केला आहे

कामत बी-४०२: काढलं. चांगुलपणाचा जमाना नाही.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: असे अंक टाकू नयेत, कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. मासिकांच्या अ‍ॅपची वर्गणी आपण रीतसर भरलेली आहे.

म्हात्रे काकू ए-३०२: भरलेली होती. नोव्हेंबरला संपली. आठ दिवस माझे जुने अंकसुद्धा कुलूपबंद होते, डाउनलोड केलेले. कागदाचा अंक असा घरात येऊन कोणी परत नेत नाही.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: त्याबद्दल दिलगिरी, ओटीपी माझ्या जुन्या नंबरवर जात होता.

गोखले बी-१०१: कागदाचे अंक परत नेत नाहीत, रद्दीवाला नेतो. ३८ किलो. १४ रुपये दर. पावती?

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: गोखले काका, वाळवी लागली होती. सभेत ९ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. जोशी काका त्या दिवशी सभेला नव्हते, हा माझा दोष नाही.

जोशी बी-७०३: मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला होतो.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: ते मान्य.

जोशी बी-७०३: मी तक्रार करत नाही. फक्त नोंद असावी म्हणून लिहितो. त्या गठ्ठ्यात माझा १९८६ चा हॅलेच्या धूमकेतूचा अंक होता. वाचनालय सुरू झालं तेव्हा मीच दिलेला.

अनिकेत डी-२०४: काका, अंक मिळेल स्कॅन केलेला. मी शोधतो.

जोशी बी-७०३: अंक मिळेल रे. नकाशाच्या समासात मी पेन्सिलीने वेळा लिहिल्या होत्या. मार्चमधल्या सात पहाटा. आम्ही अलिबागला होतो, किनाऱ्यावर. चौथ्या दिवशी ढग, त्या दिवशी नुसतं ‘ढग’ लिहिलंय. सातव्या दिवशी हिने लिहिलंय, ‘मला दिसला, यांना नाही’. तेवढं पान स्कॅनमध्ये नसणार.

म्हात्रे काकू ए-३०२: भाऊजी, हे सभेनंतर तरी सांगायचं होतं.

जोशी बी-७०३: तोवर गाडी गेली होती.

शिंदे सी-७०१: जोशी काका, खुर्चीखाली रबराचे बूच लावा. माझ्याकडे आहेत चार. वॉचमनकडे ठेवतो. किल्लीचं मी काही बोललो नाही असं समजा.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: जोशी काका, मला खरंच माहीत नव्हतं. आता बघतो, कपाटाच्या वरच्या फळीवर एक पिशवी राहिली होती बहुतेक.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: बघितली. पाककृतींची मासिकं आहेत. सॉरी.

म्हात्रे काकू ए-३०२: ती माझी. जाळू नका.

म्हात्रे काकू ए-३०२: सेलोटेप निघाली. खोबरेलाने. कागद फाटू दिला नाही, घडी करून टॅबच्या कव्हरमध्ये ठेवलाय. जोशी भाऊजी, पुढच्या वेळी तीनच बाजूंनी चिकटवा, मला चौथ्या बाजूने आत डोकावता येईल.

जोशी बी-७०३: 🙏 आज रात्रीही थोड्या दिसतील. टॅब ९ नंतर मोकळा असेल का?

म्हात्रे काकू ए-३०२: मान पूर्ण झाली की पाठवते. ९:३०.

सावंत (सेक्रेटरी) सी-४०१: गोखले काका, वही काढली. रद्दी विक्री ५३२ रुपये, ‘किरकोळ उत्पन्न’ या खात्यात जमा. पानाचा फोटो टाकला आहे. विषय संपला.

गोखले बी-१०१: पाहिला. आभारी आहे. आता वजन कोणासमोर केलं ते सांगा. माझ्या अंदाजाने ४५ किलो तरी होती.