इराकची जप्त कागदपत्रं: गुप्तहेर चुकले की चुकवले गेले?

बखरकार
इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत असं सांगून अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी २००३ मध्ये युद्ध केलं, आणि तसले साठे सापडले नाहीत. त्यामुळे इराकयुद्धाचा विषय निघाला की 'बुश धडधडीत खोटं बोलला' हे वाक्य ठरलेलं. वीस वर्षं उलटली तरी तेच. मला ते आळशी वाटतं, आणि त्याचं कारण अमेरिकनांनी बगदादमधून उचलून नेलेल्या कागदांतच आहे.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेनवर बंधन होतं: रासायनिक, जैविक, अणू, जे काही असेल ते जाहीर करा आणि संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर नष्ट करा. त्याने थोडं दाखवलं, बरंचसं त्याच उन्हाळ्यात गुपचूप नष्ट केलं आणि त्याची धड नोंदही ठेवली नाही. जैविक अस्त्रांचा कार्यक्रम तर जुलै १९९५ पर्यंत साफ नाकारला. पुढच्याच महिन्यात सद्दामचा जावई आणि अस्त्र कार्यक्रमांचा प्रमुख हुसेन कामेल जॉर्डनला पळाला. आता तो तिथे सगळं ओकणार म्हटल्यावर सरकारने निरीक्षकांना एका कोंबड्यांच्या फार्मवर नेऊन कागदांच्या पेट्याच्या पेट्या दाखवल्या. म्हणे हे सगळं जावयाने आमच्या नकळत लपवलं होतं! अशा माणसाच्या 'आमच्याकडे काही नाही'वर २००२ मध्ये कोण विश्वास ठेवणार?

युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या अभ्यासगटाने जप्त कागद आणि कैदेतल्या अधिकाऱ्यांच्या जबान्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या. त्यातून दिसतं की युद्धाच्या तीनेक महिने आधी सद्दामने सेनापतींना सांगितलं, आपल्याकडे तसली अस्त्रं नाहीत. ऐकून सेनापतीच हबकले. त्यांनाच ठाऊक नव्हतं तिथे सीआयएला, अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला, काय कळणार? चूक झाली, भयंकर झाली. पण चूक आणि लबाडी यांत फरक करा.

शंकासुर
अर्धीच बखर लिहिलीत. कामेलच्या पेट्या आठवल्या, त्याची जबानी विसरलात? ऑगस्ट १९९५ मध्ये अम्मानला त्याने निरीक्षकांना स्पष्ट सांगितलं होतं की जुनी अस्त्रं नष्ट केली, आणि ती माझ्याच हुकमाने. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष चेनी यांनी भाषणात याच जावयाची साक्ष काढली. लपवाछपवीचा भाग घेतला, नष्ट केल्याचा भाग गाळला. साक्षीदार एकच, जबानीही एकच. सोयीचं तेवढं उचलायचं याला तुमच्या बखरीत काय म्हणतात?

अणुरेणू
यंत्रं बनवण्यात आयुष्य गेलं, म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं सांगतो. २००१ मध्ये इराकसाठी निघालेला माल जॉर्डनमध्ये अडवला, त्यातल्या या नळ्या. व्यास ८१ मिलिमीटर, लांबी सुमारे ९०० मिलिमीटर. सीआयए म्हणाली, युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रीफ्यूजसाठीच. आता सेंट्रीफ्यूजचा रोटर, म्हणजे आतली फिरती नळी, प्रचंड वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची भिंत पातळ हवी, साधारण मिलिमीटरभर. यांची भिंत तीन मिलिमीटरहून जाड. वर ॲनोडायझिंगचा, म्हणजे गंजू नये म्हणून दिलेला, थर, जो सेंट्रीफ्यूजसाठी आधी खरवडून काढावा लागला असता. उलट इराकी सैन्य ८१ मिलिमीटरचीच रॉकेट्स वर्षानुवर्षं बनवत होतं, नळीचं माप तेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांनी हे युद्धाआधीच लिहून दिलं होतं. सेंट्रीफ्यूज कळणारी माणसं अमेरिकी सरकारात प्रामुख्याने त्याच खात्यात.

अमेरिकी गुप्तचरांच्या ऑक्टोबर २००२ च्या गोपनीय अहवालात त्यांची असहमती नोंदलेली आहे. लोकांसाठी काढलेल्या आवृत्तीत मात्र 'काहींच्या मते' एवढ्यावर भागवलं. हे 'काही' कोण, त्याचा पत्ता नाही. प्रामाणिक चूक करणारा माणूस विरुद्ध मत देणाऱ्याचं नाव कशाला झाकेल?

आखाती अण्णा
मंडळी, मी तेव्हा कुवेतला नोकरीला होतो. तिथे 'असतील का अस्त्रं' असा प्रश्न कुणी विचारतच नसे, असणारच हे सगळ्यांनी धरलेलं. इराकमधल्याच कुर्दांच्या हलब्जा गावावर १९८८ मध्ये त्याने वायू सोडला तेव्हा हजारो माणसं मेली, ती काही सीआयएने कल्पनेत पाहिली नव्हती.

आणि त्या ध्वनिफिती विसरू नका. सद्दामच्या बैठकांच्या टेप अमेरिकनांना सापडल्या, २००६ मध्ये काही बाहेर आल्या. एकीत हाच कामेल सद्दामला सांगतोय की आपण निरीक्षकांना सगळं दाखवलेलं नाही.

शंकासुर
अण्णा, ती बैठक १९९५ मधली, कामेल पळण्याच्या आधीची. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की १९९५ मध्ये ते लपवत होते, जे खुद्द इराकने त्याच वर्षी कबूल केलं. २००३ च्या युद्धाला १९९५ ची टेप कशी चालेल?

सौ. खवचट
कागदांचा विषय आहे तर माझा सर्वात लाडका प्रसंग सांगते. २००६ उजाडलं तरी अस्त्रांचा पत्ता नव्हता. बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या खासदारांना वाटलं, पुरावा या कागदांतच दडलाय, अनुवादक कमी पडताहेत. मग सरकारवर दबाव आणून मार्चमध्ये हजारो पानं चक्क वेबसाइटवर टाकली, ज्याला अरबी येतं त्याने शोधावं म्हणून! शोधणाऱ्यांना काय मिळालं? १९९१ पूर्वीच्या इराकी अणुबाँब संशोधनाचे तपशील. युद्ध केलं हे ज्ञान दुष्टांच्या हाती जाऊ नये म्हणून, आणि ते अरबीतून फुकट वाटलं अमेरिकी सरकारने. वृत्तपत्राने विचारणा केल्यावर नोव्हेंबरमध्ये साइट घाईघाईने बंद. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

बखरकार
बाई, हसू आलं, पण त्याच ढिगाऱ्यातला एक कागद माझ्या बाजूने बोलतो. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराकी सैन्याची काही चोरून ऐकलेली संभाषणं वाजवली. एकात सद्दामच्या खास सैन्याचा, रिपब्लिकन गार्डचा, कर्नल आपल्या कॅप्टनला लिहून घ्यायला लावतोय: बिनतारी सूचनांमध्ये 'नर्व्ह एजंट्स' (मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषारी रसायनं) असा उल्लेख येईल तिथून काढून टाका. जगाने ऐकलं आणि म्हटलं, पकडला चोर. युद्धानंतर सापडलेल्या इराकी निरोपांत याचा संदर्भ मिळाला. छावण्यांच्या आसपास जुन्या रसायनांचा मागमूस उरला असेल तर शोधून साफ करा, निरीक्षकांना बोट दाखवायला जागा ठेवू नका, असा एकूण सूर. म्हणजे लपवण्यासाठी नाही, या वेळी खरोखर नियम पाळण्यासाठी. पण मागची बारा वर्षं माहीत असलेल्याला ते वाक्य ऐकून दुसरं काय वाटणार होतं?

अणुरेणू
संभाषणाचं मान्य. मग 'कर्व्हबॉल' या टोपणनावाच्या खबऱ्याचं काय? फिरत्या जैविक प्रयोगशाळांची सगळी कथा प्रामुख्याने या एका इराकी निर्वासितावर उभी होती. तो जर्मन गुप्तचरांच्या ताब्यात, युद्धाआधी सीआयएने त्याची स्वतः चौकशी केलेली नाही. २०११ मध्ये त्याने सरळ सांगितलं की सद्दामला घालवायचं म्हणून रचून सांगितलं. इराक नायजर देशातून युरेनियम घेतोय असं दाखवणारे कागद बनावट आहेत हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बारादेई यांनी ७ मार्च २००३ ला, युद्धाच्या दोन आठवडे आधी, भर सुरक्षा परिषदेत सांगितलं होतं.

आखाती अण्णा
अस्त्रं सापडलीच नाहीत हेही पूर्ण खरं नाही. २००४ ते २०११ या काळात अमेरिकी सैनिकांना सुमारे पाच हजार रासायनिक तोफगोळे आणि बाँब मिळाले. २०१४ मध्ये बातमी फुटली.

सौ. खवचट
सगळे १९९१ च्या आधीचे, गंजून गळणारे. सरकारने ही बातमी मिरवायची तर दाबून ठेवली, आणि गोळे हाताळताना वायूने भाजलेल्या आपल्याच सैनिकांना नीट उपचारही दिले नाहीत. याला विजयाचा पुरावा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

शंकासुर
बखरकार, समजा ऑक्टोबर २००२ पर्यंतचं तुमचं सगळं मान्य केलं. सद्दामचा इतिहास काळा, संशय रास्त. पण २७ नोव्हेंबरपासून निरीक्षक इराकमध्येच होते ना? मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्स यांच्या पथकाने शेकडो तपासण्या केल्या, अमेरिकेने दिलेल्या पत्त्यांवरही गेले, आणि अस्त्रांचे साठे मिळाले नाहीत. ठरलेल्या पल्ल्याहून लांब जाणारी अल समूद क्षेपणास्त्रं मिळाली, ती मार्चमध्ये फोडायला सुरुवातही झाली. ब्लिक्स आणखी काही महिने मागत होते. अंदाज तपासायची सोय समोर असताना तिलाच हाकलून द्यायचं आणि मग म्हणायचं की आमचा अंदाज प्रामाणिक होता?

बखरकार
ब्लिक्सना इराकमध्ये पाऊल ठेवता आलं तेच सीमेवर फौज उभी होती म्हणून. ती वाळवंटात किती महिने उभी ठेवायची? शिवाय युद्धानंतर अस्त्रं शोधणाऱ्या अमेरिकी पथकाचे प्रमुख ड्युल्फर यांचा २००४ चा अहवाल पुरा वाचा. साठे नव्हते हे त्यात आहेच, पण निर्बंध उठले की कार्यक्रम पुन्हा सुरू करायचा सद्दामचा इरादा होता हेही आहे.

शंकासुर
इराद्यावर युद्ध करायचं होतं तर सुरक्षा परिषदेत इरादाच मांडायचा होता. पॉवेल तिथे नळ्या आणि फिरत्या गाड्यांची चित्रं घेऊन गेले.

सौ. खवचट
तुमचं चालू द्या. मला वेगळाच प्रश्न पडलाय: आपण ज्यावर भांडतोय ते कागद आहेत कुणाचे? सद्दामच्या बाथ पक्षाचं दप्तर कॅलिफोर्नियात नेलं, ते इराकला परत मिळायला २०२० उजाडलं. सद्दामच्या टेप अभ्यासकांना ऐकू देणारं वॉशिंग्टनचं केंद्र २०१५ मध्ये पैशाअभावी बंद पडलं. ज्या इराकी बाईचा नवरा १९८० च्या दशकात घरातून उचलून नेला, तिला त्याच्या फायलीत काय लिहिलंय हे इतकी वर्षं बघता आलं नाही. अस्त्रं शोधणाऱ्यांना मात्र पेट्याच्या पेट्या मोकळ्या. यावर दोन्ही बाजूंचं काय म्हणणं आहे?