'कव्हर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
सोल जॅझवर (ब्लूज आणि गॉस्पेलच्या अंगाने जाणाऱ्या जॅझवर) मराठीत लिहायला घेतलंय आणि एका शब्दापाशी अडलेय. १९६०च्या दशकात अमेरिकेतले हॅमंड ऑर्गनवादक रेडिओवर गाजणारी गाणी उचलून शब्दांवाचून वाजवायचे. जिमी मॅकग्रिफने १९६२मध्ये रे चार्ल्सचं 'आय'व्ह गॉट अ वुमन' असं वाजवलं आणि तेही गाजलं. रिचर्ड 'ग्रूव्ह' होम्सने एरल गार्नरची संथ 'मिस्टी' चक्क जलद लयीत पळवली. इंग्रजीत हे 'कव्हर'. मराठीत कव्हर म्हटलं की मला वहीच दिसते. 'पुनराविष्कार' फार भारदस्त. दुसरं काही सुचतंय?

प्रतिसाद
'धून' आहे की! शब्द गाळून वाद्यावर वाजवलेलं गाणं म्हणजे धून.

प्रतिसाद
धून अपुरी पडेल. हवाईयन गिटारवर हिंदी गाणी वाजवणारा वादक गाणाऱ्याच्या मागोमाग जातो. मनात शब्द उमटावेत हाच त्याचा हेतू. ऑर्गनवाल्यांचं तसं नाही. ऑर्गनवादक चार्ल्स अर्लंडचा 'ब्लॅक टॉक!' हा अल्बम ऐका, डिसेंबर १९६९मध्ये ध्वनिमुद्रित झालेला. त्यात 'मोअर टुडे दॅन येस्टर्डे' आहे. स्पायरल स्टेअरकेस या पॉप गटाने ते गाणं त्याच वर्षी तीन मिनिटांच्या आत संपवलं होतं, अर्लंड ते अकरा मिनिटं वाजवतो. मुखडा ओळखू येतो, मग ह्यूस्टन पर्सनचा सॅक्सोफोन, मेल्विन स्पार्क्सची गिटार आणि अर्लंड स्वतः त्यावर रचत जातात. खाली बास वाजवणारा वेगळा माणूसच नाही. ते कामही अर्लंडचंच. इड्रिस मुहम्मदचे ड्रम्स त्याला चिकटून चालतात. गाणं बदलतं ते या खालच्या चालण्यामुळे. त्याला मी सरळ 'ठेका' म्हणेन. तबलजी हरकत घेतील, घेऊ देत.

(जाता जाता: 'ऑर्गन' वाचून आपल्याकडे नाट्यसंगीतातली पायपेटी डोळ्यांसमोर येईल. हॅमंडला भाता नसतो. तो विजेवर चालतो, आत दातेरी चकत्या फिरतात आणि आवाज बहुधा फिरत्या कर्ण्याच्या लेस्ली स्पीकरमधून येतो. एकदा तरी हे लिहा.)

प्रतिसाद
नाटकाचा विषय निघालाच आहे तर 'चाल' का नको? जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख छापलेला असतो. चाल उसनी आहे हे कुणी लपवत नसे, त्यात कमीपणाही नव्हता. ऑर्गनवाल्यांचा व्यवहार तसाच उघडा. फरक इतकाच की नाटककाराने चाल ठेवून शब्द बदलले, यांनी शब्दच टाकले.

प्रतिसाद
'चाल' पटली, पण एका शब्दात सगळं बसवू नका. 'ब्लॅक टॉक!'चंच शीर्षक-वादन घ्या. ते बीटल्सच्या 'एलिनॉर रिग्बी'वर बेतलेलं आहे, तरी रचना अर्लंडची म्हणून दिलीय. तिथे 'बेतलेलं' हेच क्रियापद योग्य. उलट 'बुकर टी. आणि एमजीज' या गटाने १९७०च्या 'मॅकलेमोर अॅव्हेन्यू' या अल्बममध्ये बीटल्सचा 'अॅबी रोड' हा अल्बम जवळजवळ सगळा वाजवला आणि मुखपृष्ठावर मेम्फिसमधल्या आपल्या स्टुडिओबाहेरचा रस्ताही बीटल्ससारखाच ओलांडला. (हे लोक जॅझपेक्षा सोलचे, पण ऑर्गन तोच.) तिथे 'कव्हर' म्हणा, वाचकाला कळतं. 'रूपांतर' मात्र टाळा, ते नाटक-कादंबऱ्यांना शोभतं.

प्रश्नकर्ती
आभार. 'धून' सोडली. लेखात आता अशी वाक्यं आहेत: 'मॅकग्रिफने रे चार्ल्सची चाल आपल्या बाजात वाजवली', 'होम्सने मिस्टीचा ठेका बदलला', 'अर्लंडने एलिनॉर रिग्बीवर बेतलं'. नाम शोधत बसले होते, क्रियापदांनीच काम झालं. 'बाज' (वादनाची शैली) सतारीच्या चर्चेतून उचललाय. कुणाला खटकत असेल तर आत्ताच सांगा, लेख उद्या द्यायचाय.

प्रतिसाद
बाज उत्तम. फक्त 'जॅझच्या बाजात' लिहू नका, बाज वादकाचा किंवा घराण्याचा असतो. 'मॅकग्रिफचा बाज' चालेल.