मदत हवी आहे : एकटीने बसने विजापूर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत

वर्गशिक्षिका :
येत्या शुक्रवारी मला बसने एकटीने विजापूरला जायचे आहे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षे इतिहास शिकवला आणि आदिलशाहीचा धडा आला की दर वर्षी फळ्यावर गोल घुमट काढला, पण प्रत्यक्षात तो अजून पाहिलेला नाही. सकाळी कोणती गाडी धरावी आणि परतीची कोणती गाडी चुकवू नये, एवढेच मला सांगावे. कुणाला तरी सोबत न्या, हे कृपया सांगू नये.

टिळकवाडीकर :
बाई, एका दिवसात हे शक्य नाही. यरगट्टी, लोकापूर, मुधोळ, जमखंडी असा जवळजवळ दोनशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि बसला पाच तास सहज लागतात. जाण्यायेण्यातच दहा तास गेले, तर पाहणार काय? रात्री मुक्काम करा, नाहीतर सरळ गाडी ठरवून जा.

कृष्णाकाठ :
अहो, बाई बेळगावहून निघणार आहेत असे आपल्याला कोणी सांगितले? बाई, आपण कोणत्या गावाहून निघणार, ते आधी लिहावे. सीमाभाग म्हणजे खानापूरही आले आणि अथणीही आले.

वर्गशिक्षिका :
अथणीहून. मी अथणीचीच असल्यामुळे ते लिहायचे राहून गेले. मला कन्नड बोलता येते, मात्र भरभर वाचता येत नाही, त्यामुळे बसवरची पाटी लवकर समजत नाही.

कृष्णाकाठ :
मग अडचण उरलीच नाही. तेलसंग, तिकोटामार्गे विजापूर पाऊणशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि बस दोन-अडीच तासांत पोहोचवते. पाटीवर 'विजयपुर' असते, कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत नाव ते झाले. पण कंडक्टर अजून 'बिजापूर, बिजापूर' असेच ओरडतात, तेव्हा पाटीपेक्षा कानांवर विसंबावे. वेळा मी येथे लिहिणार नाही, कारण त्या बदलतात. आदल्या संध्याकाळी स्थानकातील कंट्रोलरना सकाळच्या दोन आणि परतीच्या तीन गाड्या विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.

घटप्रभा :
तिकिटाची चिंता करू नये. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातील महिलांना राज्यातल्या साध्या आणि एक्सप्रेस गाड्यांत शून्य तिकीट मिळते. राजहंस, ऐरावत अशा आरामगाड्यांना मात्र ते चालत नाही. आधार कार्ड जवळ ठेवावे.

टिळकवाडीकर :
अंतर कमी आहे हे मान्य, तरीही बसस्थानकावर उभे राहण्यात निम्मा दिवस जातो. मी कुटुंबासह खासगी गाडीने गेलो होतो आणि येताना आलमट्टीचे धरणही पाहिले. तेथील बाग मुलांना फार आवडते.

कृष्णाकाठ :
साहेब, बाईंनी बसचे विचारले आहे आणि त्यांच्यासोबत मुले नाहीत. आलमट्टी एकाच दिवसात घातले, तर विजापूर पाहून होणार नाही.

दगडी कमान :
शुक्रवार बदला, ही माझी पहिली आणि आग्रहाची विनंती आहे. गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. जुनी हस्तलिखिते, शस्त्रे आणि गालिचे तेथे मांडलेले आहेत, आणि आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या व्यक्तीने ते न पाहता परतू नये असे मला मनापासून वाटते.

दुसरे म्हणजे उतरल्याबरोबर रिक्षाने थेट गोल घुमट गाठावा. सहलीची मुले आत शिरली की घुमटाखालच्या गोल सज्जात एकच कल्लोळ होतो आणि मग काहीही ऐकू येत नाही. सकाळी शांतता असताना भिंतीशी तोंड नेऊन हळूच बोललेला शब्द समोरच्या बाजूला, जवळजवळ अडतीस मीटरवर, कानात बोलल्यासारखा येतो. मी तेथे फक्त घड्याळाची किल्ली फिरवली होती आणि तो बारीक करकर आवाज पलीकडे उभ्या असलेल्या माझ्या भावाने ऐकला. मुहम्मद आदिलशहाची ही कबर 1656 च्या सुमारास बांधून झाली आणि एवढ्या मोठ्या घुमटाखाली मध्ये एकही खांब नाही, हे खाली उभे राहून वर पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

घटप्रभा :
मी उलट सांगेन. अथणीची गाडी पश्चिमेकडून शहरात शिरते आणि इब्राहिम रोझा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर, हाही त्याच बाजूला आहे, म्हणून आधी तो पाहावा. कोरीव कामात तो गोल घुमटाहून कितीतरी नाजूक आहे.

दगडी कमान :
नाजूक आहे यात शंका नाही, पण तो दुपारीही तसाच दिसतो. सकाळची शांतता दुपारी मिळत नाही.

वर्गशिक्षिका :
सर्वांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मला गुडघेदुखी आहे. आणि मध्यंतरी मुलाकडे सांगलीला राहिले होते, तेव्हा आधार कार्डावर तिकडचा पत्ता घातला.

घटप्रभा :
मग शून्य तिकीट मिळणार नाही. पत्ता कर्नाटकातलाच लागतो. महाराष्ट्राच्या एसटीतील महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीतच चालते. पूर्ण तिकिटाचे सुटे पैसे जवळ ठेवावेत.

दगडी कमान :
गुडघ्यांचे आधीच सांगायला हवे होते. सज्जात जाण्यासाठी कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचा अरुंद, गोल जिना चढावा लागतो आणि पायऱ्या उंच आहेत. प्रत्येक मजल्यावर कमानीच्या खिडक्या आहेत. तेथे थांबावे, वारा घ्यावा आणि पुढे जावे. तिसऱ्या मजल्यावर गुडघा नको म्हणाला, तर तेथूनच परतावे. मग दुपारी मलिक-ए-मैदान तोफ आणि इब्राहिम रोझा रिक्षाने करावेत.

वर्गशिक्षिका :
शुक्रवारऐवजी गुरुवार ठरवला आहे. कंट्रोलरना आज संध्याकाळी विचारून येते. जिना चढण्याचा प्रयत्न मी नक्की करणार आहे. फक्त एक सांगावे : खाली काठी ठेवायला सांगतात, की वर नेऊ देतात?

दगडी कमान :
माझ्या आईने काठी वरपर्यंत नेली होती, कोणीही अडवले नाही. उतरताना मात्र काठीपेक्षा भिंतीचा आधार अधिक उपयोगी पडला, म्हणून एक हात मोकळा राहील अशी खांद्याची पिशवी घ्यावी.