भाड्यासाठी गुंतवणूक: आख्खी इमारत की सुटी घरं?

पाणवठा:
भाड्याच्या उत्पन्नासाठी सुटी, म्हणजे एकेक स्वतंत्र घरं जमवत बसण्यापेक्षा आठ बिऱ्हाडांची एक छोटी इमारत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. एकुलतं घर रिकामं पडलं की उत्पन्न थेट शून्यावर येतं, हप्ता मात्र चालूच. आठातलं एक बिऱ्हाड गेलं तर साडेबारा टक्केच भाडं बुडतं. आठ घरं म्हणजे आठ छपरं, आठ टाक्या, आठ ठिकाणची गळती. इमारतीला गच्ची एकच. शिवाय इमारतीची किंमत मुख्यतः तिच्या उत्पन्नावर ठरते. खरेदीदार किमतीवर वर्षाला 5 टक्के परतावा धरून चालला असेल, तर वर्षाच्या निव्वळ (खर्च वजा जाता) उत्पन्नात टाकलेली भर किमतीत 20 पट होऊन दिसते. सुट्या घराची किंमत शेजारचं घर कितीला गेलं यावर ठरते. तिथे मालकाच्या मेहनतीला फारसा वाव नाही.

उंबरठा:
आठ बिऱ्हाडांची तुलना एका घराशी का? आठ घरांशी करा. तिथेही एक रिकामं म्हणजे साडेबारा टक्केच! आणि ती वेगवेगळ्या वस्त्यांत घेता येतात. इमारतीजवळचा कारखाना बंद पडला, तर आठही बिऱ्हाडं हलू शकतात. तुमचा 20 पटींचा हिशेब उलटाही फिरतो. बाजार 5 ऐवजी 6 टक्के परतावा मागू लागला की उत्पन्न तेवढंच राहूनही किंमत सुमारे 17 टक्क्यांनी उतरते. आणि अडीनडीला एक घर विकून मोकळं होता येतं. त्याला राहायला घेणारं गिऱ्हाईकही मिळतं. आख्ख्या इमारतीला गुंतवणूकदारच शोधावा लागतो.

सांजवात:
भाडेकरूंचं कुणीच बोलत नाही. स्वतंत्र घरात बहुधा कुटुंब येतं, मुलं शाळेत रुळली की ते सहसा हलत नाही. दर बदलीला रंगरंगोटी, दलाली आणि रिकामे आठवडे असा तिहेरी खर्च असतो, तो वाचतो. इमारतीत जिन्यातला दिवा, कचरा, पार्किंगची भांडणं, सगळं मालकाच्या दारात.

पाणवठा:
@उंबरठा, आठ घरांशी तुलना योग्यच, पण आठ घरं एका दमात कोण घेतं? सुरुवात एकापासून होते आणि तोच काळ सगळ्यात जोखमीचा असतो. @सांजवात, त्या भांडणांसाठी आठ भाड्यांतून माणूस ठेवता येतो. एका घराच्या भाड्यात तो परवडत नाही.

उंबरठा:
मग पहिलं घर घेतानाच सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवावेत. ज्याला तेवढंही जमत नाही, त्याने इमारतीच्या कर्जाच्या वाटेला जाऊच नये. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मुख्य ड्रेनेज, लिफ्ट, ही कामं आठात वाटून येत नाहीत, एकदम येतात. तुमच्या हिशेबात त्यासाठी भाड्यातले दरमहा किती टक्के बाजूला काढलेत, तो आकडा द्या. मग पुढे बोलू.