माथेरानच्या छपरावरचा जुना जाड पन्हळी पत्रा: परत वापरावा की भंगारात?

जांभा_चिरा
माथेरानच्या एका जुन्या बंगल्याचं छप्पर उतरवायचं आहे. पत्रा १० फुटी, २६ इंच रुंद, ३ इंची पन्हळ, वर लाल रंगाचे थर. पर्लिन (पत्र्याखालचे आडवे वासे) पावणेपाच फुटांवर. वरच्या मजल्याच्या व्हरांड्याखाली हाच पत्रा कमानीसारखा वाकवून गर्डरांमध्ये बसवलाय, त्याचे गंजाचे पापुद्रे पडतात. फॅब्रिकेटर म्हणतो, आहे त्याच पर्लिनवर ०.४५ मिमीचा रंगीत पत्रा टाकू, जुना भंगारात द्या. जुन्याचं गेज (जाडीचा नंबर; नंबर लहान तितका पत्रा जाड) कसं ओळखायचं? परत छपरावर चालेल का? आणि कमानीतला काढावा का?

गेज_बावीस
व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) रंगावर आणि गंजावर लावलात तर खोटं माप मिळेल. पन्हळीच्या माथ्यावर तर हमखास जास्त दाखवतो. त्यापेक्षा अख्खा पत्रा तोला. तुमच्या मापाचा पत्रा जस्तासकट १८ गेजला (१.२२ मिमी) २२-२३ किलो भरतो, २० ला १७ च्या आसपास, २२ ला १३-१४, २४ ला १०-११. ०.४५ वाला जेमतेम ८. रंगाचे थर फार असतील तर किलोभर वजा धरा.

फॅब्रिकेटरचं गणित इथेच चुकतंय. पन्हळ तीच असेल तर पत्र्याचा ताठपणा जाडीच्या प्रमाणात असतो. म्हणजे १८ गेजच्या जागी ०.४५ आला की ताठपणा तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर राहतो. पावणेपाच फुटांच्या गाळ्यात त्यावर माणूस चढला की माथे चेपणार, हुकाभोवतीची भोकं लांबणार आणि पहिल्याच पावसात गळती. माथेरानची माकडं तर शिडीसुद्धा मागत नाहीत! पातळ पत्राच टाकायचा असेल तर प्रत्येक गाळ्यात मधोमध एक पर्लिन वाढवा आणि तो खर्च कोटेशनमध्ये धरायला लावा.

घडीव_लोखंड
आधी पत्रा कशाचा आहे ते बघा. लंडन डॉक्सचे इंजिनिअर हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं, तेव्हा तो घडीव लोखंडाचा (रॉट आयर्न) होता. जस्ताच्या मुलाम्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतलं. शतकाच्या शेवटाकडे घडीवची जागा सौम्य पोलादाने घेतली. कडेला खाच मारून पट्टी वाकवून फाडा: घडीव लोखंड बांबूच्या कांबीसारखं तंतू सोडत फाटतं, पोलाद स्वच्छ तुटतं. घडीव असेल तर भंगाराच्या भावात देऊ नका.

जाड पत्रा तेव्हा नुसतं आच्छादन नव्हता, तो स्वतःच बांधकाम होता. कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) न घालता पत्रेच कमानीत वाकवून गोदामं झाकत. १९१६ ची निसेन हट, म्हणजे पन्हळी पत्र्याची अर्धगोल लष्करी झोपडी, त्याच जातीची. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटनचा हवाई हल्ल्यापासूनचा अँडरसन निवारा म्हणजे माथ्यावर बोल्टने जोडलेले सहा वाकवलेले पत्रे, ४ फूट जमिनीत पुरलेले आणि वरून किमान १५ इंच माती. तुमच्या व्हरांड्याखालची कमान याच घराण्यातली.

पागोळी
छपरावर चालेल, पण निवडून. गंज सगळीकडे सारखा नसतो. वरखालच्या पत्र्यांच्या जोडात पाणी केशाकर्षणाने चढतं आणि तिथेच राहतं, म्हणून टोकांचे ६ इंच आधी जातात. दोन्ही टोकं ६-६ इंच कापा. पत्रा ९ फुटी होईल, ६ इंचांचा जोड वजा जाता साडेआठ फूट झाकेल, म्हणजे पर्लिन सव्वाचार फुटांवर घ्यावे लागतील. नवी भोकं माथ्यावरच. खाली पन्हळीत भोक म्हणजे नळाखाली भोक. जुनी भोकं जोडाखाली लपत नसतील तर बिट्युमेन वॉशर घालून बोल्टने बुजवा. आडवा जोड दोन पन्हळींचा ठेवा आणि घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून करा. नैऋत्येचा वारा जोडाच्या तोंडात शिरता कामा नये.

तो लाल रंग कदाचित शेंदराचा, म्हणजे शिशाचा असेल. कोरडा ग्राइंडर अजिबात नको, ओला करून खरवडा, मास्क लावा. वेल्डिंगही टाळा, जस्ताच्या धुराने ताप भरतो. रिव्हेट किंवा बोल्ट वापरा. जस्तावर थेट ऑइल पेंट मारला तर वर्ष-दोन वर्षांत सालीसारखा सुटतो, कारण तेल आणि जस्त मिळून खाली साबण तयार होतो. आधी एच प्रायमर (etch, जस्तावर पकड धरणारा), गंजलेल्या जागी झिंक-रिच प्रायमर.

आणि वाहतूक विसरू नका. गावात मोटार येत नाही. नवा माल दस्तुरीहून, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथून, पुढे घोड्यावर किंवा हातगाडीवर जाणार.

गर्डर_मोजणी
कमानीतला पत्रा ठोकून काढू नका. तो ओतकामाचा साचा होता. वरचा चुन्याचा काँक्रीट एकदा बसला की कमान स्वतःच्या दाबावर उभी राहते. खरी तपासणी गर्डरच्या खालच्या पट्टीची. गंज खरवडून शाबूत जाडी भिंतीजवळ आणि मध्यावर मोजा, कारण भिंतीत घुसलेलं टोक आधी जातं. शेवटच्या गाळ्यातल्या आडव्या ताणसळया शोधा. त्या 'मध्ये येतात' म्हणून कोणी कापल्या असतील तर कमान बाहेर ढकलत असणार; भिंतीला आडवी भेग आहे का ते बघा. काँक्रीटमध्ये कोळशाची राख-खंगर दिसला तर त्यातलं गंधक पत्रा आणि गर्डर दोन्ही खातं. मग नुसत्या रंगाने भागणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

जांभा_चिरा
रंग खरवडून तीन पत्रे तोलले: २२.४, २२.१, १९.३. ताणसळया आहेत, कापलेल्या नाहीत.

गेज_बावीस
१८ गेजच. १९.३ वाला सातवा हिस्सा खाऊन बसलाय, तो छपरावर नको. पश्चिमेच्या भिंतीला झडीसाठी उभा लावा. बाकीचे सगळे तोला आणि २१ च्या खालचे वेगळे काढा.